मदत हवी आहे: लॅपटॉपवर चालणारा सर्व्हर मोबाइलवर उघडत नाही

नमस्कार मंडळी, मी खानापूर तालुक्यातला. बॅकएंड, म्हणजे वेबसाइटची पडद्यामागची सर्व्हरची बाजू, नुकतंच शिकतोय. गावच्या वाचनालयातल्या मराठी-कन्नड पुस्तकांची यादी दाखवणारा छोटा वेब सर्व्हर पायथॉनमध्ये लिहिलाय. फ्रेमवर्क (तयार कोडचा सांगाडा) मुद्दाम घेतलं नाही, ब्राउझरकडून विनंती येते कशी आणि उत्तर जातं कसं हे आधी समजून घ्यायचंय.

सुरुवातीला मराठी अक्षरांच्या जागी नुसती चिन्हं दिसायची. कंटेंट-टाइप हेडरमध्ये (उत्तरात काय आहे हे ब्राउझरला सांगणारी ओळ) यूटीएफ-८ ही अक्षरांची सांकेतिक पद्धत लिहिली आणि दोन्ही लिप्या नीट दिसल्या. फार आनंद झाला!

आता अडलंय ते असं. लॅपटॉपवर लोकलहोस्ट (म्हणजे तोच लॅपटॉप), पोर्ट ८००० (सर्व्हर ज्या क्रमांकावर ऐकतो तो) उघडतं. त्याच वायफायवरच्या मोबाइलवर लॅपटॉपचा आयपी पत्ता टाकला की पान फिरत राहतं. आधी सर्व्हर १२७.०.०.१ वर ऐकत होता, म्हणजे फक्त त्याच मशीनपुरता. ते बदलून ०.०.०.०, म्हणजे मशीनच्या सगळ्या नेटवर्क पत्त्यांवर ऐक, असं केलं, सर्व्हर पुन्हा सुरू केला, तरी तेच.

विंडोजची फायरवॉल (बाहेरून येणारी जोडणी रोखणारी सुरक्षा) अडवत असेल का? वायफाय 'पब्लिक' नेटवर्क म्हणून दिसतंय. फायरवॉल पूर्ण बंद करायला मन धजत नाही. फक्त ८००० पोर्टला परवानगी कशी द्यायची? की राउटरच दोन उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नसेल? हे नक्की कसं तपासू? कुणी पायरीपायरीनं सांगितलं तर फार उपकार होतील.