मदत हवी आहे : वालचंद हिराचंद यांचे चरित्र शाळेतील मुलांपुढे मांडताना केंद्रस्थानी काय ठेवावे?

सस्नेह नमस्कार.

सोलापुरातील आमच्या शाळेत येत्या २३ नोव्हेंबरला, शेठ वालचंद हिराचंद यांच्या जयंतीनिमित्त, नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी एक व्याख्यान आणि तक्त्यांचे छोटे प्रदर्शन करण्याचे ठरले असून ते काम माझ्याकडे सोपवले आहे. वालचंद यांचा जन्म १८८२ साली याच शहरात झाला. त्यांचे वडील हिराचंद नेमचंद दोशी यांचा कापसाचा व सावकारीचा व्यवसाय होता, आणि जैन समाजातील सुधारणांसाठी झटणारे गृहस्थ म्हणूनही त्यांचा लौकिक होता. टिपणे बरीच जमली आहेत. त्यांची मांडणी मात्र मनासारखी होत नाही, म्हणून येथील जाणकारांचे मार्गदर्शन मागत आहे.

वालचंद यांच्याविषयी जे सहज वाचायला मिळते, ते बहुधा एका यादीवर उभे असते : लंडनला गेलेले भारतीय कंपनीचे जहाज, बंगळूरचा विमान कारखाना, विशाखापट्टणमची जहाजगोदी, कुर्ल्याचा मोटार कारखाना. यादीतील एकही नोंद खोटी नाही. पण ती तशीच भिंतीवर लावली, तर एक धाडसी श्रीमंत माणूस एकामागून एक कारखाने काढत गेला आणि त्याला यश मिळत गेले, असेच मुलांना वाटेल. प्रत्यक्षात विमान कारखाना दीड वर्षाच्या आत सरकारकडे गेला, जहाजगोदीही पुढे सरकारकडे गेली, मोटारीचा कारखाना अनेक वर्षे कागदावरच राहिला आणि जहाज कंपनीची पहिली चार वर्षे तगून राहण्याच्या झुंजीत गेली. हे सारे वगळले तर केवळ कौतुक उरते, आणि कौतुकातून पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती काही लागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवात रेल्वेपासून करावी असा विचार आहे. मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज येथील शिक्षण अर्धवट सोडून वालचंद घरच्या व्यवसायात आले, पण त्यात ते रमले नाहीत. पूर्वी रेल्वेत कारकून असलेले लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या टप्प्याचे काम घेतले. आमच्या मुलांना ही गावे ऐकून माहीत आहेत, त्यामुळे येथे थोडे रेंगाळावे असे वाटते. मुदतीत काम पुरे करणे, मजूर टिकवणे, माल वेळेवर पोहोचवणे, साहेबाकडून बिल मंजूर करून घेणे, हे सर्व त्यांनी या ठेकेदारीत शिकून घेतले असणार. पुढे बोरघाटातील रेल्वेचे बोगदे आणि मुंबईला पाणी आणणारी तानसाची जलवाहिनी अशी मोठी कामे त्यांच्या कंपन्यांनी केली, आणि १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. म्हणजे ज्या सरकारशी त्यांनी पुढे आयुष्यभर भांडण केले, तेच सरकार आरंभीच्या काळात त्यांचे मोठे गिऱ्हाईक होते. ही गोष्ट मुलांपासून लपवू नये, असे मला वाटते.

व्याख्यानाचा निम्म्याहून अधिक वेळ मात्र मला सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीला द्यायचा आहे. पहिल्या महायुद्धात रुग्णालय म्हणून वापरलेले ‘लॉयल्टी’ हे जहाज ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून विकत घेऊन, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्या साथीने वालचंद यांनी २७ मार्च १९१९ रोजी ही कंपनी स्थापन केली, आणि अवघ्या काही दिवसांत, ५ एप्रिलला, हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. आज हाच दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. पुस्तकी गोष्ट बहुधा येथेच संपते, पण खरी लढाई त्यानंतरची आहे. हिंदुस्थानच्या किनारी वाहतुकीवर लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची घट्ट पकड होती. नव्या कंपनीला माल मिळू नये म्हणून भाडी पाडण्यात आली, आणि व्यापारी तिच्याकडे वळू नयेत यासाठी ‘विलंबित सूट’, म्हणजे भाड्याचा काही भाग एकनिष्ठ राहिलेल्या व्यापाऱ्याला मुदतीनंतर परत देणे, या पद्धतीचा वापर झाला. अखेर १९२३ साली तडजोड झाली. सिंदियाला किनारी वाहतुकीत जागा मिळाली, परंतु दहा वर्षे परदेशी मार्गांवर जाणार नाही आणि ठरावीक टनेजपुढे जहाजे वाढवणार नाही, या अटी तिला स्वीकाराव्या लागल्या. किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी, असे विधेयक साराभाई हाजी यांनी १९२८ साली मध्यवर्ती विधिमंडळात मांडले, पण त्याचा कायदा झाला नाही. १९२९ साली नरोत्तम मोरारजी यांचे निधन झाल्यावर अध्यक्षपद वालचंद यांच्याकडे आले आणि १९५० पर्यंत त्यांनी ते सांभाळले.

मला हवी असलेली मदत अशी. विलंबित सुटीची पद्धत व्यापाराचा गंध नसलेल्या मुलांना सोप्या भाषेत कशी समजावावी? १९४२ साली हिंदुस्थान एअरक्राफ्ट, म्हणजे बंगळूरचा विमान कारखाना, सरकारने ताब्यात घेतले, त्याला अन्याय म्हणावे की युद्धकाळाची गरज म्हणावी? आणि जहाज कंपनी केंद्रस्थानी ठेवण्याचा माझा निर्णय योग्य वाटतो का? ज्यांच्या घरातील कोणी सिंदियात, कुर्ल्याच्या कारखान्यात किंवा वालचंदनगरला नोकरीस होते, त्यांच्याकडे प्रदर्शनात लावता येईल असे एखादे जुने छायाचित्र वा कागद असल्यास तेही कळवावे, ही विनंती.

प्रतिसाद १

सर, विषयाची निवड आवडली. विलंबित सुटीबद्दल सांगतो, कारण माझी नोकरी बंदरातील मालवाहतुकीच्या कार्यालयात झाली.

मुलांना असे सांगा : एक किराणा दुकानदार प्रत्येक खरेदीवर थोडे जास्त पैसे घेतो आणि म्हणतो की ही जादा रक्कम मी दिवाळीला परत करीन, पण वर्षभरात एकदा जरी दुसऱ्या दुकानातून काडेपेटी घेतलीस तर साचलेली सगळी रक्कम बुडाली. मग शेजारी नवे, स्वस्त दुकान उघडले तरी गिऱ्हाईक तिकडे जाणार नाही. जहाज कंपन्यांचे अगदी हेच होते. भाड्याचा काही भाग ठरावीक मुदतीनंतर परत मिळे, आणि तोही व्यापाऱ्याने या काळात आपला सर्व माल त्याच गटाच्या जहाजांतून पाठवला असेल तरच. नव्या कंपनीने भाडे कितीही कमी केले, तरी व्यापाऱ्याची आधीची रक्कम अडकून पडलेली असे.

यासोबत एक तक्ता सिंदियाच्या आधीच्या प्रयत्नांचा अवश्य करावा. जमशेटजी टाटा यांनी १८९३ च्या सुमारास जपानी कंपनीच्या साहाय्याने चीन-जपानकडे जाणारी जहाजे सुरू केली होती. पी. अँड ओ. कंपनीने भाडी इतकी खाली आणली की टाटांना तो व्यवसाय बंद करावा लागला. १९०६ साली तुतिकोरिनला चिदंबरम पिल्ले यांनी स्वदेशी जहाज कंपनी काढली. तीही ब्रिटिश इंडियाशी झुंजता झुंजता मोडली आणि पिल्ले यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात जावे लागले. हे दोन प्रसंग शेजारी ठेवले, म्हणजे १९२३ ची तडजोड मुलांना शरणागती वाटणार नाही. बोचऱ्या अटी मान्य करून का होईना, पण कंपनी जिवंत ठेवणे हेच त्या क्षणी महत्त्वाचे होते. स्वातंत्र्यानंतर किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्याचे धोरण आले, तेव्हा ती वाहून नेण्यासाठी अनुभवी भारतीय कंपनी तयार होती.

प्रतिसाद २

विमान कारखान्याचा प्रश्न अन्याय की गरज, असा दोन टोकांचा ठेवू नये, असे सुचवतो. घटनाक्रम पाहावा. १९३९ साली पॅसिफिक महासागरावरील विमान प्रवासात वालचंद यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान व्यावसायिकाशी गाठ पडली. म्हैसूर संस्थानने, विशेषतः दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी, जमीन आणि भांडवल देऊ केले, आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला कंपनीची नोंदणी झाली. पुढच्याच वर्षी हार्लो जातीचे प्रशिक्षण विमान तेथे तयार झाले. मग जपान युद्धात उतरला, फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले आणि ६ एप्रिल १९४२ रोजी विशाखापट्टणमवर बॉम्ब पडले. त्याच महिन्यात सरकारने वालचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे भाग मोबदला देऊन विकत घेतले, आणि पुढे दोस्तांच्या विमानांची दुरुस्ती हेच त्या कारखान्याचे मुख्य काम झाले. युद्धाच्या दृष्टीने निर्णय समजण्यासारखा आहे. पण शांततेच्या काळात याच सरकारने मोटार कारखान्याच्या योजनेला हातभार लावला नाही, हेही तितकेच खरे आहे. मुंबईचे काँग्रेस मंत्रिमंडळ अनुकूल होते, सर विश्वेश्वरय्या त्या योजनेमागे होते, तरीही दिल्लीहून साथ मिळाली नाही आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना थेट १९४४ साली झाली. दोन्ही गोष्टी एकाच तक्त्यावर याव्यात.

जहाजगोदीची तारीख विसरू नका. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तिची पायाभरणी झाली. राजवट इंग्रजांची, आणि पायाभरणीला काँग्रेसचा नेता! वालचंद कोणत्या बाजूला उभे होते, ते एवढ्यावरून कळते. गोदीतील पहिले जहाज ‘जलउषा’ १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले.

प्रतिसाद ३

माझे बालपण वालचंदनगरच्या वसाहतीत गेले, त्यामुळे थोडा मतभेद नोंदवते. जहाज आणि विमान सोलापूर जिल्ह्यातील मुलांना दूरचे वाटेल. त्यांनी रोज पाहिलेला ऊस जवळचा आहे. मालेगाव तालुक्यातील रावळगावची माळरानाची जमीन १९२३ साली घेऊन तेथे शेतीचा प्रयोग झाला, १९३३ मध्ये साखर कारखाना आला आणि पुढे गोळ्या-चॉकलेटेही. इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंदनगर उभे राहिले. तेथील यंत्रशाळा साखर कारखान्याची यंत्रे बनवता बनवता पुढे इस्रोच्या अग्निबाणांचे भाग बनवू लागली. ही परंपरा आजही चालू आहे, म्हणून केंद्रस्थानी वालचंदनगर असावे. वडिलांच्या संग्रहातील कारखान्याची काही छायाचित्रे आहेत. ती स्कॅन करून व्यक्तिगत निरोपाने पाठवते.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. दुकानदाराचा दाखला व्याख्यानात जसाच्या तसा घेत आहे, आणि टाटा व चिदंबरम पिल्ले यांचा तक्ता ‘लॉयल्टी’च्या तक्त्याआधी लावीन. ताई, रावळगाव आणि वालचंदनगरसाठी आता दोन तक्ते ठेवले आहेत, आणि आपली छायाचित्रे मिळाल्यास त्यांनाच प्रवेशाजवळ जागा देऊ. केंद्रस्थान मात्र मी जहाज कंपनीलाच देणार आहे. रावळगावला लढाई मुख्यतः जमिनीशी आणि पाण्याशी होती. सिंदियात मात्र समोर एक प्रबळ मक्तेदार होता, कायदा त्याला आवर घालत नव्हता, आणि तरीही वालचंद यांनी तीस वर्षे माघार घेतली नाही. त्यांच्या स्वभावाची खरी ओळख मला तेथेच होते.

आता एकच मागणी उरते. १९२८ च्या किनारी वाहतूक विधेयकावर त्या काळच्या मराठी वृत्तपत्रांत आलेले अग्रलेख कोणाच्या पाहण्यात असतील, तर अंकाची तारीख आणि ते कोणत्या ग्रंथालयात पाहता येतील एवढे कळवावे. दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतः जाऊन उतरवून घेईन.