मदत हवी आहे: वायरिंग बदलल्यापासून इलेक्ट्रिक गिटारमध्ये हम, तोही एकाच पोझिशनला

मंडळी, जरा अडकलोय. स्ट्रॅट टाइप गिटार आहे, तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन पकडणारे: मानेकडचा नेक, मधला मिडल, तारांच्या खालच्या टोकाचा ब्रिज) आणि त्यातला कुठला वाजवायचा ते निवडणारा पाच पोझिशनचा स्विच. जुने पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे) खरखर करायला लागले म्हणून सगळीच वायरिंग नवीन केली, २५० के चे पॉट, ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि नेकचा पिकअप मेलाच होता तर तो दुसऱ्या कंपनीचा टाकला, मिडल आणि ब्रिज जुनेच. वायर, जॅक वगैरे तपकीर गल्लीतून, पॉट ऑनलाइन.

वाजते झकास, पण हम (सतत घूं घूं) येतोय. सिंगल कॉइल म्हटल्यावर थोडा असणारच, तेवढाच असता तर इथे लिहीत बसलो नसतो. पण स्विच दोन नंबरला (ब्रिज + मिडल) एकदम शांत, आणि चार नंबरला (मिडल + नेक) नुसत्या नेकपेक्षाही जास्त घोंघावतं, आधी दोन्हीकडे शांत असायचं. शिवाय चार नंबरला आवाज पातळ, बास गायब, कोणी नाकातून बोलल्यासारखा. तारांना हात लावला की हम कमी होतो, काढला की परत चालू.

ब्रिजपासून जॅकच्या ग्राउंडपर्यंत मल्टिमीटरने कंटिन्यूइटी बघितली, बीप येतो. पॉटच्या पाठीवरचं सोल्डर चकचकीत आहे (त्यासाठी मोठं आयर्न मागून आणलं, माझ्या २५ वॉटवाल्याने पाठ तापतच नाही). केबल बदलून झाली. एक मित्र म्हणतो अँपच्या प्लगची अर्थची पिन काढून बघ, दुसरा म्हणतो आतून कॉपर टेप मार. काय करू?

प्रतिसाद:
अर्थची पिन अजिबात काढू नका हो! गिटारच्या तारा केबलमधून अँपच्या अर्थलाच जोडलेल्या असतात, अँपमध्ये काही शॉर्ट झालं तर करंट थेट तुमच्या बोटांत. टेपही राहू द्या, तिने चरचर कमी होते, ५० हर्ट्झचा मॅग्नेटिक हम असल्या पातळ पट्टीला दाद देत नाही. तारांना हात लावल्यावर कमी होतंय म्हणजे ग्राउंड ठीक आहे, वाढलं असतं तर जॅकवर हॉट (सिग्नलची वायर) आणि ग्राउंड उलटं झालंय म्हणालो असतो.

मला संशय नेकचा. मिडलची कॉइल उलटी गुंडाळलेली असते आणि मॅग्नेटही उलटे, म्हणून जोडीत वाजवल्यावर हम एकमेकांना मारतो आणि सुरांची बेरीज होते. तुमच्याकडे चार नंबरला बरोब्बर याच्या उलट चाललंय, हमची बेरीज आणि सुरांची वजाबाकी. दोन्ही एकदम होतंय म्हणजे नेकच्या दोन वायरी उलट्या लागल्यात. काळी म्हणजे ग्राउंडच असं धरून चालू नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे.

धागाकर्ता:
दादा, उघडायच्या आधी खात्री करता येईल का? सगळ्या तारा परत काढायच्या जिवावर आलंय.

प्रतिसाद:
येते की. केबल गिटारला लावा, दुसऱ्या टोकाला मीटर, रेझिस्टन्सची २० के रेंज, व्हॉल्यूम आणि टोन फुल्ल. ऑटो रेंज असेल तर हाताने लॉक करा. आता एक, तीन, पाच नंबरला त्या त्या पिकअपवर स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचं आणि झटक्यात उचलायचं, उचलताना आकडा वर उडतो की खाली एवढंच बघा. तिन्ही एकाच दिशेला हवेत. नेक वेगळा निघाला तर त्याच्या दोन वायरींची अदलाबदल करा, बाकी कशाला हात नको. फक्त नेकला धातूचं कव्हर असेल तर थांबा, ते सहसा आतून ग्राउंडच्या वायरीला जोडलेलं असतं, तशीच अदलाबदल केली तर कव्हरच हॉट होईल आणि बोट लागलं की घूं घूं. मग आतला तो जोड तोडून कव्हरला वेगळी ग्राउंड वायर द्यावी लागते.

धागाकर्ता:
लावला मीटर. ब्रिज आणि मिडल वर, नेक खाली! कव्हर प्लास्टिकचं आहे, तेव्हा रविवारी उघडतो. अजून एक, पंखा दोनवर ठेवला की वेगळीच चरचर येते, पाचवर जाते, हेही त्यातलंच का?

प्रतिसाद:
नाही, ती इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची. रविवारी उघडतच आहात तर तेव्हा टेप मारा, ती पॉटच्या ग्राउंडला जोडायला विसरू नका, आणि तोवर पंखा पाचवर.