स्त्री पुरोहित झाल्या, धर्मनिर्णय कधी देणार?

कृष्णाकाठ

पुण्यात लग्न लावायला बाई उभी राहिली तर आता कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. शंकरराव थत्त्यांनी उद्यान प्रसाद कार्यालयात बायकांचे पौरोहित्याचे वर्ग सुरू केले ते सत्तरच्या दशकात. पुढे ज्ञानप्रबोधिनीने जात आणि लिंग दोन्ही बाजूला ठेवून पुरोहित तयार केले, संस्कारांच्या पोथ्या मराठी अर्थासकट काढल्या. त्याच्याही कितीतरी आधी साकोरीला उपासनी महाराजांनी कन्याकुमारी स्थानात मुलींना वेदमंत्र आणि यज्ञविधी शिकवले आणि गोदावरी मातांना पुढे केलं. महाराज १९४१ साली गेले, म्हणजे किती जुनी गोष्ट आहे बघा.

एवढं सगळं होऊनही माझी तक्रार आहे. आपण बायकांना शिकवतो काय? सत्यनारायण, वास्तुशांत, उदकशांत, मुंज, लग्न. पुढे पाटी कोरी. धर्मनिर्णय, म्हणजे अमुक चालेल की नाही असं विचारलं की उत्तर द्यायला कुणी गुरुजीच लागतात. मंदिराच्या गाभाऱ्यात पुजारी म्हणून बाई क्वचितच, विश्वस्तांत असली तर एखादी. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंढरपूरच्या बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपल्यावर शिक्कामोर्तब केलं, त्याच वर्षी मंदिर समितीने सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून पुजारीपदासाठी अर्ज मागवले. किती गाजावाजा झाला होता! पण ती हवा बाकीच्या देवस्थानांपर्यंत पोचलीच नाही. तिकडे तमिळनाडूत २०२३ मध्ये तीन मुली सरकारी अर्चक प्रशिक्षण पूर्ण करून सहायक पुजारी म्हणून रुजू व्हायला निघाल्या.

जैनांत बघा. आपल्या चासकमानच्या चंदनाजी १९८७ मध्ये आचार्य झाल्या. नुसती साध्वी नव्हे, आचार्य, म्हणजे संघाचं नेतृत्व. राजगीरला वीरायतन, तिथे डोळ्यांचं हॉस्पिटल, भूकंपानंतर कच्छमध्ये शाळा. अधिकारपद हाती असलं की काम कुठवर जातं त्याचा हा दाखला.

म्हणून म्हणतो, पौरोहित्याच्या वर्गात धर्मशास्त्र, मीमांसा (वेदवाक्यांचा अर्थ लावायचं शास्त्र), जोडीला ट्रस्टचा कायदा आणि हिशेबही शिकवा. बोला.

दशग्रंथी_नातू

असहमत, आणि सविस्तर असहमत.

आधी एक गल्लत दूर करू. लोपामुद्रा, घोषा, अपाला यांची नावं लगेच येतील म्हणून आत्ताच सांगतो, सूक्तं रचणारी ऋषिका वेगळी आणि यज्ञ चालवणारा ऋत्विज वेगळा. सूक्त स्फुरणं आणि यज्ञात आध्वर्यव करणं ही दोन कामं आहेत. स्मृतिकार हारीताने ब्रह्मवादिनी (वेद शिकणारी) आणि सद्योवधू (थेट लग्न करणारी) असे स्त्रियांचे दोन प्रकार सांगितलेत आणि ब्रह्मवादिनीला उपनयन आहे, हे मलाही माहीत आहे. पण ती परंपरा खंडित झाली. खंडित परंपरा सहा महिन्यांच्या वर्गाने जोडली जात नाही. माझे आजोबा पहाटे चारला उठून संहिता, पद, क्रम, जटा, घन अशा वेदपठणाच्या सगळ्या पद्धतींनी म्हणायचे. आठव्या वर्षी बसलेला मुलगा विशीत मोकळा होतो. तुमच्या वर्गात बहुतेक बायका पन्नाशीनंतर येतात, मुलं मार्गी लागल्यावर. त्यांच्या श्रद्धेबद्दल आदर आहे. पण छापील पोथीतून वाचणं म्हणजे वेदाध्ययन नव्हे.

ओतूरकर_सत्यशोधक

दोघांचंही चुकतंय.

आमच्या गावाचा इतिहास सांगतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि त्याच डिसेंबरात भटजीशिवाय लग्न लागलं, सावित्रीबाईंच्या पुढाकाराने. त्या मंगलाष्टकांत नवरी नवऱ्याकडे स्त्रियांच्या हक्कांची शपथ मागते. पुढे ओतूरला बाळाजी पाटलांनी असंच लग्न लावलं तर जोश्यांनी बुडालेल्या दक्षिणेसाठी दावा ठोकला. मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि हरले. म्हणजे मध्यस्थ लागतच नाही हे ठरून शंभरावर वर्षं झाली, आणि आपण आता मध्यस्थाच्या खुर्चीवर बाई बसवायची की नाही यावर भांडतोय. खुर्चीच काढा की राव.

चिंटू_चिंचवड

गणपतीत सकाळी सात ते नऊच्या दरम्यान जो कुणी मिळेल तो माझा धर्माधिकारी. 😀

उपाध्येकाकू

मी हे काम करते म्हणून बोलते. चिंटू गंमत करतोय, पण आमच्यासाठी घरांची दारं उघडली ती बऱ्याच अंशी यामुळेच. चतुर्थीला एकेक गुरुजी पहाटेपासून पंधरा घरं घेतात आणि तरी पुरत नाहीत. लोकांनी आम्हाला आधी नाइलाजाने बोलावलं. आम्ही वेळेवर गेलो, अर्थ सांगितला, मग पुढच्या वर्षी आपणहून फोन आले.

दशग्रंथी, पन्नाशीचं म्हणणं खरं आहे. पण विशीतली मुलगी का येत नाही, तेही विचारा. यजमान म्हणतात, "काकू, तुम्ही आवड म्हणून करता ना?" आणि पाकीट हलकं असतं. तेवढ्याच विधीला गुरुजींना नीट दक्षिणा. त्यावर कुठल्या मुलीचं घर चालणार?

आता कृष्णाकाठ, तुमच्या मुद्द्यावर. मध्यंतरी एक लग्न होतं. मुलीचे वडील नाहीत. आईने एकटीने वाढवलेली मुलगी, आणि कन्यादानाला काका-काकू बसणार असं ठरलेलं. आदल्या दिवशी पुण्याहवाचन, देवक, सगळं काकांनीच केलं. आई मागे खांबाशी उभी, साधी साडी, कुणी बोलावलं तरच पुढे यायची. मी सकाळी मुलीला विचारलं, तुला कोण हवंय? ती म्हणाली, आई. मग मी सभागृहातच सांगितलं, आईंना पाटावर बसवा. पाच मिनिटं नुसती कुजबुज. काका उठले नाहीत. शेवटी मुलगीच उठली, आईचा हात धरून घेऊन आली. मधुपर्काचं ताट हातात घेतल्यावर त्या बाईंना कुंकवाला हात लावायचा धीर होईना. मी म्हटलं, लावा हो, तुमच्याच मुलीचं लग्न आहे.

हा धर्मनिर्णय नाही तर काय आहे? देवस्थानाच्या खुर्चीची वाट बघत बसले असते तर त्या दिवशी काकाच पाटावर राहिले असते.

दशग्रंथी_नातू

काकू, तुम्ही केलंत ते शास्त्राला सोडून नव्हतंच. याज्ञवल्क्य स्मृतीत कन्या कोणी द्यावी त्याची यादी आहे. पिता, पितामह, भ्राता, सकुल्य (कुळातला नातलग) आणि जननी. आईचं नाव स्पष्ट आहे. मग एवढी कुजबुज कशाला?

कृष्णाकाठ

यादीत शेवटचं आहे ना पण. म्हणजे काका त्या यादीने आईच्या आधीच येतात. तो क्रम आज का पाळायचा, हे काकांच्या पोथीवाल्या सल्लागाराला तोंडावर विचारता आलं पाहिजे. माझं म्हणणं तेच आहे, बायकांच्या हातात असे ग्रंथ हवेत.

उपाध्येकाकू

श्लोक मला पाठ होता. काकांना श्लोक नको होता.

ओतूरकर_सत्यशोधक

काकू, एक नंबर. पण मग सांगा, काम कुणी केलं, तुमच्या शिक्षणाने की तुमच्या हिमतीने? ती हिंमत सत्यशोधक लग्नात फुकट मिळते.

उपाध्येकाकू

भाऊ, ते लोक सत्यशोधक लग्नाला तयारच नव्हते. त्यांना अक्षता, अंतरपाट, लाजाहोम, सप्तपदी सगळं हवं होतं. त्यांनी मला ऐकलं, कारण मंत्र मी म्हणत होते. वऱ्हाडात बसलेल्या बाईने हेच सांगितलं असतं तर गप्प बसवलं असतं.

इंद्रायणीकाठची

वारकरी घरातली, कीर्तन करते. सगळी चर्चा पौरोहित्यात अडकली आहे. महाराष्ट्रात खेड्यापाड्यांत धर्म सांगतो तो कीर्तनकार, लग्न लावणारा नव्हे. एका सप्ताहात हजारो माणसं बसतात. मुक्ताबाईंनी चांगदेवांसारख्या योग्याला उपदेश केला हे आम्ही गादीवर उभं राहून सांगतो, टाळकरी माना डोलावतात, आणि सप्ताहाच्या शेवटचं, मानाचं काल्याचं कीर्तन कुणाचं म्हटलं की पुरुषाचं नाव. बाईला मधला एखादा दिवस, बहुतेक वेळा गर्दी जमावी म्हणून. एका गावात तर मला वीणा हातात घेऊ देईनात. नारदाची गादी चालते, वीणा चालत नाही, हे कुठलं गणित?

शिक्षणाचं म्हणाल तर जोग महाराजांनी आळंदीत १९१७ साली संस्था काढली. चार वर्षं ज्ञानेश्वरी, गाथा, पाठांतर, सगळी मुलं. गावोगावचे कीर्तनकार तिथून बाहेर पडले. आता आळंदीत मुलींसाठीही संस्था निघाल्यात, मीही तशाच एकीत शिकले. पण फड, म्हणजे वारकऱ्यांचे परंपरागत गट, घराण्यात चालतात, फडाचा मालक मुलगा किंवा पुतण्या. तिथे अभ्यासक्रमाचा काय उपयोग?

म्हणून कृष्णाकाठ यांचं निम्मं पटतं. शिकून अधिकार मिळत नाही. अधिकार जिथे वाटला जातो तिथे बसावं लागतं. त्यांच्या ट्रस्टच्या कायद्याच्या मुद्द्यावर कुणी बोललंच नाही, मला तोच सगळ्यात कामाचा वाटला.

मोसमकाठ

मालेगावहून. आमच्याकडे मुलींना आलिमा, म्हणजे धर्मविदुषी, करणारे मदरसे जुने आहेत. मुली कुराण, हदीस (पैगंबरांची वचनं), फिकह (धर्मकायदा) शिकून बाहेर पडतात आणि मग दुसऱ्या मुलींना शिकवतात. बस, तिथेच चक्र फिरतं. फतवा, म्हणजे धर्मनिर्णय, विचारायला लोक मुफ्तींकडेच जातात. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने मुंबईत महिला काझींचं प्रशिक्षण सुरू केलं तेव्हा केवढी ओरड झाली! निकाह लागायला कबुली आणि साक्षीदार लागतात, काझी पुरुषच असावा असं नाही, हे त्यांचं म्हणणं. तरी शहरातला साधा माणूस विचारतो, कागदावर सही चालेल ना? इंद्रायणीताईंचं दुखणं आणि आमचं एकच आहे.

एडिसनकर

अमेरिकेत आम्ही झूमवर पुण्याच्या ताईंकडून वास्तुशांत करून घेतली. मुलांना इंग्रजीत अर्थ सांगितला, मुलं पहिल्यांदा शेवटपर्यंत बसली. इथल्या देवळात मात्र पुजारी व्हिसावर भारतातून आणतात, तेही पुरुषच. त्यामुळे परदेशात सगळं पुढारलेलं असतं असं समजू नका.

दशग्रंथी_नातू

मालेगाव आणि आळंदीच्या प्रतिसादांनी माझाच मुद्दा सिद्ध होतो. परंपरेच्या आत अधिकार परंपरेनेच मिळतो. बाहेरून सरकारने किंवा कोर्टाने दिला तर माणसं मनातून मानत नाहीत.

कृष्णाकाठ

मानतात हो. फार वेळ लागत नाही. बौद्धांत बघा. भिक्खुणींची परंपरा श्रीलंकेतल्या थेरवाद पंथात खंडितच होती, तुमचाच शब्द. १९९६ ला सारनाथला आणि १९९८ ला बोधगयेला त्यांच्या उपसंपदा, म्हणजे पूर्ण दीक्षा, झाल्या. श्रीलंकेतल्या किती थोरांनी नाकं मुरडली. आज तिथे भिक्खुणी आहेत, लोक दान देतात. तिबेटी परंपरेत गेशे ही पदवी म्हणजे वीसेक वर्षांचा अभ्यास, वादविवादाची परीक्षा. २०१६ मध्ये कर्नाटकात मुंडगोडला वीस भिक्षुणींना गेशेमा पदवी मिळाली, दलाई लामांच्या हस्ते. तिथे कुणी म्हणालं नाही की छापील पोथी वाचून आल्या. म्हणजे तुमची अध्ययनाची अट मान्य केली, पुरी केली आणि मग पद घेतलं. मला हाच रस्ता हवाय.

आपल्या पंडिता रमाबाईही आठवा. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, शास्त्र्यांपुढे त्याचं समर्थन करावं लागलं. लेक कलकत्त्याला १८७८ साली पंडिता आणि सरस्वती झाली. पदवी दिली, जागा दिली नाही. पुढे ती ख्रिस्ती झाली, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, बायबल मराठीत आणलं. ती गेली यात नुकसान कुणाचं झालं, हे दशग्रंथींनी सांगावं.

ओतूरकर_सत्यशोधक

जोतीरावांनी त्या वेळी तिची बाजू घेतली होती, हे राहिलंच तुमचं.

दशग्रंथी_नातू

रमाबाईंचं नुकसान आमचं. हे मी घरातही बोलतो.

आता आडवळण सोडून बोलतो. वेदसंहितेचं अध्ययन मुलींना देण्याला माझा विरोध कायम आहे. पण धर्मशास्त्र, पूर्वमीमांसा, निर्णयसिंधू हा धर्मनिर्णयांचा ग्रंथ, हे शिकवायला माझी ना नाही. माझे गुरुजी आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी पाठ घेतात. मी त्यांना विचारू शकतो. काकू, तुम्ही आणि तुमच्या दोघीतिघी याल का?

उपाध्येकाकू

येऊ. वेळ संध्याकाळी सहानंतरची हवी, मुहूर्त बहुतेक सकाळचे असतात. पण आधीच विचारते, परीक्षा घेणार का? आणि पास झाल्यावर निर्णय द्यायला अधिकृत आहे असं लेखी देणार का? नुसतं श्रवणाला बसायचं असेल तर माझ्याकडे वेळ नाही.

दशग्रंथी_नातू

परीक्षा घेतील. लेखी देण्याचं मला एकट्याला ठरवता येणार नाही, पाठशाळेच्या मंडळापुढे ठेवावं लागेल.

इंद्रायणीकाठची

मंडळात बाया किती?