मदत हवी आहे: केअर यादी बंद झाली, आता पेपर कुठे पाठवू?

रोटिफर

नमस्कार मंडळी,

एका विनाअनुदानित महाविद्यालयात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवते. पीएच.डी. शेवटच्या टप्प्यात आहे. विषय आमच्याकडच्या एका पाझर तलावातले प्राणिप्लवक, म्हणजे रोटिफर, क्लॅडोसेरा, कोपेपॉड असले डोळ्यांना नीट न दिसणारे जीव. दर महिन्याला जाळी ओढायची, नमुना फॉर्मॅलिनमध्ये घालायचा आणि सेजविक-राफ्टर काचेवर मोजत बसायचं. दोन वर्षांचा डेटा आहे, पेपरही लिहून झालाय. गाडी अडलीय ती पाठवायचा कुठे यावर.

२०२२ च्या यूजीसी नियमांत प्रबंधाआधी पेपर छापून येण्याची सक्ती राहिलेली नाही. पण गाइड सर म्हणतात, सक्ती नसली तरी मुलाखतीला पेपर लागतोच. ते काही चूक नाही. २०१८ च्या नियमावलीत महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापकाच्या छाननीत पेपरमागे २ गुण आहेत, जास्तीत जास्त ६. एका जागेला किती अर्ज येतात हे इथे कुणाला सांगायला नको.

आधी कसं, यूजीसीने मान्य केलेल्या नियतकालिकांची केअर यादी उघडायची, नाव दिसलं की पाठवून मोकळं व्हायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने यादी बंद केल्याचं जाहीर केलं, निवडीचे काही निकष सुचवले आणि बाकीचं संस्थांवर सोडलं. आमच्या संस्थेने लगेच समिती नेमली. तीत वाणिज्यचे एक सर, इंग्रजीच्या मॅडम आणि कार्यालयातले हेडक्लार्क आहेत. तिघेही भले लोक. त्यांनी चांगल्या नियतकालिकांची यादी मलाच करून मागितली आहे.

दरम्यान एका सहकाऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक जाहिरात पाठवली. 'आंतरराष्ट्रीय, बहुविद्याशाखीय, पीअर रिव्ह्यूड' जर्नल, ४८ तासांत स्वीकृती, इम्पॅक्ट फॅक्टर (पेपरला सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा) ७ च्या वर. फी ३००० रुपये, क्यूआर कोड जाहिरातीतच. जास्तीचा सहलेखक असेल तर माणशी ५०० रुपये वेगळे. प्रत्येकाला प्रमाणपत्र, आणि वर काही रक्कम भरली तर 'उत्कृष्ट संशोधक' ट्रॉफी घरपोच. ताजा अंक उघडून पाहिला. नाचणीच्या बिस्किटांनंतर संत साहित्यातलं स्त्री-दर्शन, त्यानंतर जीएसटीचा किराणा दुकानांवरचा परिणाम, आणि मग मशीन लर्निंग. संपादक मंडळात नावं भरपूर, ईमेल पत्ता एकाचाही नाही. सहकारी म्हणतो, "मॅडम, पैसे मी भरतो, फक्त माझं नाव घाला." त्याला अजून काही बोलले नाही.

तर विचारायचं हे की यादी नसताना एखादं नियतकालिक बरं आहे हे तुम्ही कसं ठरवता? आणि मुलाखतीत किंवा समितीपुढे ते पटवून कसं देता? तीस-चाळीस हजार फी माझ्या आवाक्यात नाही. तासिकेचे पैसे कधी येतात ते सगळ्यांना माहीत आहे.

---

ग्रंथपालकाका

रोटिफर ताई, यादी गेल्याचं फार मनाला लावून घेऊ नका. २०१७ साली यूजीसीने पहिली मोठी मान्यताप्राप्त यादी काढली, तिची गंमत आमच्या पिढीने पाहिली आहे. विद्यापीठांनी सुचवलेल्या आणि स्कोपस, वेब ऑफ सायन्स या आंतरराष्ट्रीय सूचींमध्ये नसलेल्या १००९ नियतकालिकांची पुण्यातल्या अभ्यासकांनी तपासणी केली. साध्या साध्या निकषांत जेमतेम ११२ बसली. 'करंट सायन्स' या नियतकालिकात मार्च २०१८ ला ते छापून आलं आणि मे महिन्यात यूजीसीने ४३०५ नावं यादीतून काढली. केअर त्यानंतरची, तिचं कामही पुणे विद्यापीठातूनच चालायचं. यादीत नाव असलं की त्या नावाची नकली साइट काढून पैसे उकळणारे आलेच. तेच नाव, तोच आयएसएसएन, पत्ता मात्र भलता.

आता तुमच्या जाहिरातीकडे येऊ. आयएसएसएन हा नुसता ओळख क्रमांक आहे, त्यात दर्जाची हमी कसलीच नाही. पेपरला मिळणाऱ्या डीओआय क्रमांकाचंही तेच. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे क्लॅरिव्हेट कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समधला तेवढाच खरा, बाकी आकडे विकत मिळतात. क्लॅरिव्हेटची मास्टर जर्नल लिस्ट आणि स्कोपसची सोर्सेस यादी दोन्ही फुकट पाहता येतात. सर्वांना फुकट वाचता येणाऱ्या खुल्या नियतकालिकांसाठी डीओएजे ही सूची. आणि गूगलवर नाव टाकून जी पहिली साइट येईल तिथे पेपर टाकू नका. सूचीतल्या नोंदीवरून प्रकाशकाकडे जा. मागे घेतलेल्या पेपरांवर लक्ष ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचकडे पळवलेल्या, म्हणजे नकली साइट निघालेल्या नियतकालिकांची वेगळी यादी आहे, तीही बघा.

हे सगळं झाल्यावर शेवटी एक करा. तुमच्या विषयावरचे त्यातले तीन-चार पेपर सावकाश वाचा. प्रजातींची ओळख कशी पटवली आहे, छायाचित्रं कुणाची आहेत, आकडे जुळतात का, हे तुम्हाला जितकं कळेल तितकं त्या हेडक्लार्कना कळणार नाही आणि मलाही नाही. दर दोन पानांना चूक सापडली तर तिथे पाठवू नका, मग ते कुठल्या का सूचीत असेना.

---

उगाचराव

४८ तासांत परीक्षण! आमच्याकडे शिधापत्रिकेत नाव चढवायला याच्या शंभरपट वेळ लागतो. ट्रॉफीचा फोटो टाका मात्र.

---

नदीकाठ

गोड्या पाण्यावरच काम करतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

फीबद्दल आधी. मोठ्या प्रकाशकांची पुष्कळ नियतकालिकं 'हायब्रिड' आहेत. पेपर सर्वांसाठी खुला हवा असेल तरच फी लागते. सबमिट करून स्वीकृती आल्यावर नेहमीचा, म्हणजे वर्गणीदारांसाठीचा पर्याय निवडला तर लेखकाला काही भरावं लागत नाही. आपल्याकडे कित्येकांना हे माहीतच नसतं, फीचा आकडा बघूनच ते मागे फिरतात. हायड्रोबायोलॉजिया असंच आहे. कोलकात्याच्या झूऑलॉजिकल सोसायटीचं प्रोसीडिंग्ज स्प्रिंगरकडून निघतं, तेही. शिवाय भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं रेकॉर्ड्स आणि कोइंबतूरचं जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा आहेतच. या दोघांच्या साइटवर लेखकांसाठीच्या सूचना आधी वाचून घ्या.

आता जरा कडू बोलतो. 'अमुक तलावातील प्राणिप्लवकांची विविधता व ऋतुमान' या साच्याचे पेपर आपल्या देशात ढिगाने आहेत. संपादक शीर्षक बघूनच बाजूला ठेवतो. तुमच्या डेटात या तलावापलीकडच्या माणसाला वाचावंसं वाटेल असं काय आहे? दोन वर्षांत काही वेगळं घडलं का?

---

रोटिफर

काका, नदीकाठ सर, मनापासून आभार. हायब्रिडचं खरंच माहीत नव्हतं.

सर, वेगळं म्हणाल तर दुसऱ्या वर्षी तलाव एप्रिलअखेर पूर्ण आटला. गाळाला भेगा पडल्या होत्या, पोरं त्यात क्रिकेट खेळायची. जुलैत पाणी आलं. पहिल्या नमुन्यात रोटिफर होते, त्यातही ब्रॅकिओनसच भरून. क्लॅडोसेरा मागून आले, आणि एक-दोन प्रजाती माझं काम संपेपर्यंत परत दिसल्याच नाहीत. गाइड सरांनी हे 'चर्चा' विभागात दोन ओळींत घ्यायला सांगितलंय.

---

नदीकाठ

ताई, दोन ओळींत कसलं घेता! पेपर तोच आहे. तलाव आटल्यावर गाळात सुप्त अंडी उरतात आणि पाणी आलं की त्यातून कोण आधी उठतं, हा जगभर विचारला जाणारा प्रश्न आहे. पाझर तलाव दर काही वर्षांनी आटणारच, म्हणजे आपल्याकडे हा प्रयोग आपोआप घडत असतो. शीर्षक, प्रस्तावना सगळं त्याभोवती नव्याने बांधा. बाकीचे महिने तुलनेसाठी ठेवा. आटलेल्या गाळाचा नमुना घेतला होता का? नसेल तर तसं स्पष्ट लिहा, परीक्षक विचारणारच.

---

चॉकडस्टर

मुलाखतीचं सांगतो, दोन्ही बाजूंना बसलोय. समितीला वाचायला वेळ नसतो, फाइल चाळतात. प्रत्येक पेपरमागे एक पान लावा: नियतकालिकाचं नाव, प्रकाशक, सूचीतली नोंद तारखेसकट छापून, परीक्षकांचे शेरे आणि तुम्ही दिलेलं उत्तर. शेरे लावलेली फाइल मी आजवर एकदाच पाहिली, आणि तज्ज्ञांनी त्या बाईंना नेमकं त्यावरच विचारलं.

सहकाऱ्याचं नाव घालू नका. नैतिकता बाजूला ठेवा, हिशेबाने बघा. २०१८ च्या नियमावलीतल्या संशोधन गुणांकात दोन लेखक असतील तर दोघांना ७० टक्के. तिसरा आला की मुख्य लेखकाला ७० आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३०. उद्या बढतीला तुमच्या आणि गाइड सरांच्या वाट्याचा हिशेब त्याने बदलतो.

---

शंकासुर

मोठ्या प्रकाशकांचं एवढं कौतुक नको. २०२३ मध्ये जगभरात दहा हजारांवर पेपर मागे घेतले गेले, त्यातले आठ हजारांवर एकट्या हिंदावी या प्रकाशकाचे. आणि हिंदावी २०२१ पासून वायली या बड्या प्रकाशकाच्या मालकीची होती. सूचीत असलेली नियतकालिकं होती ती.

---

ग्रंथपालकाका

शंकासुर, म्हणूनच तर त्यातले पेपर वाचून बघायला सांगितलं. हिंदावीत बहुतेक गोंधळ पाहुण्या संपादकांच्या विशेषांकांत झाला. तेव्हा ताई, 'विशेषांकासाठी निमंत्रण' असा ईमेल आला तर दोनदा विचार करा.

वाचायचं कुठे हाही प्रश्न असेल तुमचा. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्राची एकत्रित वर्गणीची योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली, सुमारे १३ हजार नियतकालिकं आहेत त्यात. पण ती सरकारी संस्थांसाठी, तुमचं विनाअनुदानित कॉलेज त्यात येणार नाही. तुमची नोंदणी ज्या विद्यापीठात आहे तिथल्या ग्रंथालयात एक दिवस जाऊन बसा आणि लागतील ते पेपर उतरवून घ्या. ओळखपत्र न्या, आणि शनिवारी जाऊ नका.

---

रोटिफर

पुढच्या आठवड्यात जाते. गाळाचा नमुना नाही घेतलेला, पण आटलेल्या तलावाचे तारखेसह फोटो आणि पाटबंधारे विभागाकडची पाणीपातळीची नोंद आहे. त्यावर भागेल का? आणि संपादकाला पाठवायच्या पत्रात काय लिहायचं असतं? मी अजून एकही लिहिलेलं नाही.

---

नदीकाठ

पातळीची नोंद म्हणजे उत्तमच, आकृतीत वापरा. पत्र अर्ध्या पानाचं पुरे. प्रश्न काय, सापडलं काय, आणि पेपर दुसरीकडे कुठेही पाठवलेला नाही, एवढं लिहा. "एस्टीम्ड सर" वगैरे नको. माझं जुनं एक व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, त्यातली नावं बदलायला विसरू नका.