अजिंठ्याच्या चित्रांवरचं शेलॅक: उतरवायचं की राहू द्यायचं?

गेरूरेघ
निजामाने बोलावलेल्या चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी १९२० पासून अजिंठ्याचा सुटत चाललेला गिलावा सावरला, ते श्रेय त्यांचंच. पण चित्रांवर चढवलेलं शेलॅक, म्हणजे लाखेचं वार्निश, आता पिवळं-तपकिरी पडलंय. त्याआधी जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्स यांच्या काळात (१८७२ ते १८८५) नकला करताना रंग खुलावेत म्हणून वार्निश फासलं गेलंच होतं.

माझं म्हणणं: १, २, १६, १७ या लेण्यांतून हा थर टप्प्याटप्प्याने उतरवा. गेरूचं रेखाटन, सपाट रंग, वर्तना (छटा देऊन गोलाई आणणं), शेवटी पक्की बाह्यरेषा, असा इथला क्रम. नाकाचा दांडा, खालचा ओठ, हनुवटी यांवर पांढऱ्याचा उजाळा दिला की चेहरा भिंतीतून पुढे येतो. पिवळ्या थराखाली नेमका तोच उठाव मरतो. बदख्शानचा लाजवर्दी निळा हिरवट दिसतो आणि पाहणारा त्याला इथल्या बेसाल्टमधल्या हिरव्या मातीचा रंग समजतो. असल्या पृष्ठभागावर शैलीचे सिद्धांत कसे मांडायचे?

भुसामाती
साफ विरोध. हे ओल्या चुन्यावरचं काम नाही, की रंग भिंतीतच मुरलाय. कातळावर माती, वाळू, भाताचा तूस आणि गवताचे तंतू यांचा जाड थर, त्यावर बारीक मातीचा, मग अंड्याच्या टरफलाइतका चुन्याचा हात, आणि त्यावर डिंक-सरसात कालवलेला रंग. बांधणी कधीच क्षीण झाली आहे. कित्येक ठिकाणी पापुद्रे आज शेलॅकनेच धरून ठेवलेत. ते ओढाल तर रंग घेऊनच येईल.

गेरूरेघ
धरून ठेवलेत, आणि उचकटतही आहेत! मातीचा गिलावा पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. वरची ताठ फिल्म त्याच्याबरोबर हलत नाही. कडा वळतात आणि रंगाची खपली सुटते. मागून येणारी वाफही अडते. म्हणजे थांबण्यातही नुकसान आहेच. आधी खपल्या पातळ चिकटद्रव्याने बसवायच्या, मगच वरचा थर.

सुतीबोळा
पद्धतीवर बोला. पाणी वर्ज्य, सरस विरघळतो. रेक्टिफाइड स्पिरिटमध्येही सुमारे ५ टक्के पाणी असतं, म्हणून निर्जल अल्कोहोल. खरी अडचण ही की ताजं शेलॅक अल्कोहोलमध्ये सहज सुटतं, पण शंभर वर्षांत त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि ते हट्टी होतं. मग माणूस वेळ वाढवतो किंवा तीव्र द्रावक घेतो, आणि तिथेच घात होतो. बोळा घासायचा नाही, फिरवायचा. दर वेळी पांढऱ्या कापसावर बघा: तपकिरी डाग ठीक, गेरूची लाली किंवा हिरवी छटा दिसली की त्या जागी काम बंद. चाचणी आधी छताच्या नक्षीच्या कोपऱ्यात, पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या गालावर नव्हे.

भुसामाती
आणि ‘मूळ रंग’ ताडून बघणार कशाशी? ग्रिफिथ्सच्या आधी इथल्या नकला करणाऱ्या रॉबर्ट गिलच्या बहुतेक नकला १८६६ च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या, ग्रिफिथ्सच्या कितीतरी १८८५ मध्ये लंडनला जळाल्या. शेलॅक पुन्हा कधीही काढता येईल. गेलेला उजाळा परत येत नाही.

गेरूरेघ
अभ्यासक गोलुबेव यांनी १९११ च्या सुमारास पहिल्या लेण्याचे फोटो काढलेत, म्हणजे इटालियनांच्या आधीचे. रंग नाही कळणार, पण उजाळा कुठे होता ते कळतं. शिवाय दहाव्या लेण्यात काजळी आणि लाखेखालून जुनी, सातवाहनकालीन चित्रं उजेडात आली, ती साफ केल्यामुळेच. आणि ‘कधीही काढता येईल’ हे वरच्या प्रतिसादानंतर कसं म्हणता? दर दशकागणिक ते आणखी हट्टी होतंय.

भुसामाती
दहाव्यातला काजळलेला, जवळपास न दिसणारा भाग वेगळा. तिथे गमावण्यासारखं कमी होतं. पहिल्या लेण्यात प्रत्येक बोट दिसतंय.

सुतीबोळा
हंगामही बघा. दमट हवेत अल्कोहोल उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर पाणी धरतं आणि उरलेलं शेलॅक पांढरट होतं. म्हणजे काम कोरड्या महिन्यांतच. नेमकी तेव्हाच पर्यटकांची रीघ, आणि बंद असतो तो फक्त सोमवार. एका दिवसात द्रावकाची वाफही धड निघून जात नाही. लेणं अख्खा हंगाम बंद ठेवायची तयारी आहे?

गेरूरेघ
पहिलं बंद ठेवा, सतरावं उघडं. पुढच्या हंगामात उलट.

भुसामाती
पहिलं बंद? तिकीट काढून आलेल्यांतले निम्मे पद्मपाणीसाठीच आलेले असतात. सुरुवात दुसऱ्या लेण्याच्या छतापासून करा, मग बघू.