थँक्सगिव्हिंगचा अर्थ मराठीत कसा सांगू? मदत हवी आहे

नमस्कार, आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगी ८ वर्षांची आहे, तिला रविवारी मराठी शाळेत थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणावर दोन मिनिटं बोलायचंय आणि आजी गावाहून व्हिडिओ कॉलवर ऐकणार आहे, आजीला इंग्रजी येत नाही.

इतिहास मी लिहून काढलाय. १६२१ मध्ये अमेरिकेतल्या प्लिमथ गावी इंग्लंडहून आलेले लोक आणि तिथले मूळचे वाम्पानोआग लोक सुगीनंतर तीन दिवस एकत्र जेवले, मग १८६३ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना राष्ट्राध्यक्ष लिंकननी देशभर पाळायची घोषणा केली, १९४१ च्या कायद्याने नोव्हेंबरचा चौथा गुरुवार पक्का झाला. त्यामुळे तारखांच्या लिंक नकोत प्लीज.

अडलंय ते शब्दावर. ‘आभार दिन’ म्हटलं की कार्यक्रमाच्या शेवटी माइकवरचं आभारप्रदर्शनच आठवतं, ‘कृतज्ञता’ म्हणताना तिची जीभ अडखळते, चार वेळा म्हणवून घेतलं. पोळ्याचं उदाहरण घेऊन पाहिलं, खांदेमळणीला बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावतात तसं, आजीला लगेच कळेल, पण तिथे बैलाचेच उपकार मानतो, इथे नेमके कोणाचे? कारण १९७० पासून त्याच दिवशी प्लिमथला मूळ अमेरिकन लोक शोकदिन पाळतात, जमिनी गेल्या, माणसं गेली म्हणून, आणि ते गाळून नुसती गोड गोष्ट सांगणं मला पटत नाही.

तर ८ वर्षांच्या मुलीच्या तोंडी सहज बसेल असा शब्द कोणता, आणि शोकदिनाबद्दल तिने एका वाक्यात काय म्हणावं?