ट्यूडर दरबारातली सरदारीण दिवसभर करायची काय?

प्रश्न (नेर तालुक्यातून)
आमच्या गावच्या वाचनालयात महिन्यातून एकदा बाया जमतात. एक जण बोलते, बाकीच्या ऐकतात. या वेळी माझी पाळी आहे अन् मी इंग्लंडच्या ट्यूडर घराण्यातल्या आठव्या हेन्री राजाचा दरबार घेतला. सहा राण्यांबद्दल खूप सापडलं, पण मला राणीच्या मागं उभ्या राहणाऱ्या सरदार घराण्यातल्या बाया पाहिजेत. ऐकणाऱ्या कापूस वेचून थेट येऊन बसतात, त्यांच्यापुढं नुसतं रेशीम-मोत्यांचं वर्णन किती करणार? जिच्याबद्दल पक्कं माहीत आहे अशी एखादी सांगा.

उत्तर १
राणीला कपडे चढवणं, हातावर पाणी घालणं, शिवणकाम, प्रार्थना, पाहुणे आले की नाच. लग्न न झालेल्या मुलींचा मान वेगळा, लग्न झालेल्यांचा वेगळा. बाकी दिग्रसच्या काकू सांगतील, त्यांचा जिव्हाळ्याचा विषय आहे.

उत्तर २ (दिग्रसच्या काकू)
पोरी, तू ऑनर लाइल घे. तिचा नवरा आर्थर प्लँटॅजेनेट, किताब लाइल, हा हेन्रीच्या आईचे वडील चौथा एडवर्ड राजा यांचा अनौरस मुलगा, म्हणजे हेन्रीचा मामाच लागायचा. १५३३ पासून तो कॅलेचा कारभारी. कॅले फ्रान्सच्या किनाऱ्यावर, पण तेव्हा इंग्रजांकडं होतं. ऑनर समुद्रापलीकडं राहिली, तरी तिचं सगळं चित्त दरबारात. पहिल्या नवऱ्याच्या मुली होत्या, अ‍ॅन अन् कॅथरीन. त्यांना राणीच्या सेवेत लावायचं होतं.

१५३७ च्या उन्हाळ्यात राणी जेन सीमोर गरोदर होती अन् तिला बटेरांचे, म्हणजे लाव्या पक्ष्यांचे, डोहाळे लागले. ऑनरनं कॅलेहून बटेरा पाठवायचा सपाटा लावला. लंडनमधला तिचा माणूस जॉन हुसी पत्रातून बजावायचा, चांगल्या लठ्ठ पाहून पाठवा, अन् मारायच्या त्या इंग्लंडच्या किनाऱ्यावर, डोव्हर बंदराला पोचल्यावर. आपल्याकडं पोरीला जिल्ह्याच्या गावी नातेवाइकाकडं शिकायला ठेवताना आई घरची तूरडाळ पोचवते ना, तसं हे. एके दिवशी राणी बटेरा खाता खाता ऑनरच्या मुलींबद्दल बोलली. दोघींना पाठवा, मी बघून एक ठेवीन म्हणाली. अ‍ॅन निवडली गेली.

आता हे नीट ऐक. त्याच वर्षी ऑनरलाही दिवस गेले असं वाटत होतं. लाइलला मुलगा व्हावा म्हणून ती फार आसुसलेली. बाळंतपणाची खोली सजवली, कपडे आणवले, अन् मूल आलंच नाही. त्या दुःखात ही बाई दुसरीच्या डोहाळ्यांसाठी बटेरा पाठवत होती. मला तर वाटतं बाया याच जागी थांबून ऐकतील, इथं घाई करू नको.

प्रश्नकर्ती
काकू, अंगावर काटा आला. अ‍ॅनचं पुढं काय झालं? अन् ही पत्रं टिकली कशी?

दिग्रसच्या काकू
अ‍ॅन फ्रेंच पद्धतीच्या कपड्यांत गेली, तर राणीनं इंग्रजी टोपी अन् मोत्यांची किनार सांगितली. खर्च आईच्या माथी. हुसीनं आईला लिहिलं होतं, मुलींना सांगा, शांत राहा, नम्र राहा, जीभ आवरा. दरबारात चुकीचा शब्द गेला की घरदार जायचं. १२ ऑक्टोबरला राजपुत्र झाला अन् २४ ला राणी वारली. जेनकडची अ‍ॅनची नोकरी महिना-दीड महिन्याची.

पत्रं टिकली ती संकटामुळं. १५४० च्या मे महिन्यात लाइलला राजद्रोहाच्या संशयावर पकडलं, घरातले सगळे कागद सरकारनं जप्त केले. म्हणून तीन हजारांच्या आसपास पत्रं लंडनच्या सरकारी दप्तरात राहिली. ऑनर कॅलेतच नजरकैदेत. १५४२ मध्ये लाइलच्या सुटकेचा हुकूम निघाला, पण तो टॉवरमधून, म्हणजे लंडनच्या किल्ल्यातल्या तुरुंगातून, बाहेर आलाच नाही, तिथंच वारला. ऑनर १५६६ पर्यंत जगली. अ‍ॅन मात्र दरबारात टिकली, पुढं हेन्रीची मुलगी मेरी राणी झाली तिच्या सेवेतही होती, अन् १५५४ मध्ये वॉल्टर हंगरफर्डशी तिचं लग्न झालं.